‘हार्ड’ला रशियनमध्ये नेमकं काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतलं ‘हार्ड’ हे विशेषण दगडाला लागतं, परीक्षेला लागतं, पाण्याला, डिस्कला, हिवाळ्याला आणि दारूलाही लागतं. रशियनमध्ये या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द येतो, आणि शिकणाऱ्यांचे सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. खालची उत्तरं रशियन शिकणाऱ्यांसाठी आणि इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर करणाऱ्यांसाठी आहेत.

लिप्यंतराबद्दल आधीच सांगून टाकतो. रशियन शब्द इथे अक्षरांप्रमाणे लिहिले आहेत, उच्चाराप्रमाणे नाहीत; ‘म्याख्की’ आणि ‘ल्योख्की’ यांत मात्र लिहायचा ‘ग’ उच्चाराप्रमाणे ‘ख’ दिला आहे. आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘अ’सारखा होतो, म्हणून ‘वोदा’ हा शब्द कानाला ‘वदा’ असा येतो. ‘झ’ म्हणजे जीभ मागे वळवून काढलेला घर्षक ध्वनी, आणि ‘ज़’ म्हणजे ‘जहाज’मधला ज, पण अजून पातळ. विशेषणं पुल्लिंगी एकवचनात दिली आहेत.

‘हार्ड’साठी एकच सर्वसाधारण रशियन शब्द आहे का?

नाही. शब्दकोशात पहिला दिसतो तो ‘त्व्योर्दी’, आणि तोच उचलून सगळीकडे लावला की गाडी घसरते. रोजच्या वापरात निदान सहा शब्द लागतात. ‘त्व्योर्दी’ म्हणजे टणक, घट्ट, घन. ‘झोस्त्की’ म्हणजे न वाकणारा, न दबणारा, कडक. ‘त्रूद्नी’ म्हणजे अवघड, कष्टाचा. ‘स्लोझ्नी’ म्हणजे गुंतागुंतीचा. ‘त्याझोली’ म्हणजे जड, सोसायला कठीण. ‘क्रेप्की’ म्हणजे मजबूत, पेयाच्या बाबतीत तीव्र. याखेरीज ‘सुरोवी’, ‘स्त्रोगी’, ‘चोर्स्त्वी’, ‘सील्नी’ असे अधूनमधून लागणारे शब्द आहेतच.

निवड विशेषणाकडे बघून करायची नसते, पुढच्या नामाकडे बघून करायची असते. आपल्याकडे चहा कडक, जमीन टणक, गणित अवघड आणि मन जड; तसंच तिथेही. म्हणून ‘हार्ड म्हणजे काय’ असं पाठ करण्याऐवजी जोड्या पाठ कराव्यात.

‘त्व्योर्दी’ आणि ‘झोस्त्की’ यांत फरक कसा ओळखायचा?

दोन्ही शब्द हाताला लागणाऱ्या वस्तूंना लावतात आणि दोन्हींचा विरुद्धार्थी शब्द एकच: ‘म्याख्की’, म्हणजे मऊ. म्हणून गोंधळ होतो. पहिली चाचणी अशी: नखाने ओरखडा उठत नाही किंवा सुरी आत जात नाही हे सांगायचं असेल तर ‘त्व्योर्दी’. अंगाखाली दबत नाही, वाकत नाही, टोचतं, चावलं जात नाही हे सांगायचं असेल तर ‘झोस्त्की’.

दगड, धातू, पेन्सिलीचं शिसं, कोरडी जमीन, जुनं मुरलेलं चीज: सगळं ‘त्व्योर्दी’. गादी, खुर्ची, ब्रश, राठ केस, वातड मांस: सगळं ‘झोस्त्की’. मांसाचं उदाहरण मुद्दाम बघा. नीट न शिजलेलं मांस दगडासारखं टणक नसतं, दातांना दाद देत नाही एवढंच; म्हणून ‘झोस्त्कोये म्यासो’. शिळ्या, वाळलेल्या पावाला मात्र यांतला कुठलाच शब्द नाही; त्याला ‘चोर्स्त्वी’ म्हणतात, आणि दुसऱ्याच्या दुःखाने न हलणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावतात.

एक जोडी चुकली तर भलताच अर्थ होतो. ‘स्तूल’ म्हणजे खुर्ची, आणि वैद्यकीय भाषेत ‘स्तूल’ म्हणजे शौचाचा मळ. ‘झोस्त्की स्तूल’ ही बसायला कडक खुर्ची. ‘त्व्योर्दी स्तूल’ ही बद्धकोष्ठाची तक्रार. फर्निचरच्या माहितीपत्रकात दुसरी जोडी गेली की वाचणारा हसतो.

पेन्सिलीवरच्या खुणाही याच शब्दांतून आल्या आहेत. रशियन पेन्सिलीवर ‘त्व्योर्दी’चं पहिलं अक्षर ‘त’ कठीण शिशासाठी, ‘म्याख्की’चं पहिलं अक्षर ‘म’ मऊ शिशासाठी आणि मधल्या प्रकारासाठी दोन्ही अक्षरं एकत्र असतात. म्हणजे आपल्याकडची ‘२ एच’ ही तिथे ‘२ त’, आणि ‘एच बी’ म्हणजे ‘त म’.

पाण्याला कोणता शब्द? ‘त्व्योर्दाया वोदा’ का चालत नाही?

क्षार जास्त असलेलं, साबणाला फेस न येऊ देणारं पाणी म्हणजे ‘झोस्त्काया वोदा’. ‘वोदा’ स्त्रीलिंगी आहे म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. ‘त्व्योर्दी’चा एक अर्थ ‘घन’ असाही आहे, त्यामुळे ‘त्व्योर्दाया वोदा’ वाचून रशियन माणसाच्या मनात बर्फ येतो.

पाण्याचा हा गुण म्हणजे ‘झोस्त्कोस्त’. तांत्रिक मजकुरात शब्द बदलून भागत नाही, एककही बदलावं लागतं. रशियात कठीणपणा ‘ग्रादुस झोस्त्कोस्ती’ या अंशात मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम-समतुल्य; कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम. मूळ मजकुरात लिटरला ३५० मिलिग्रॅम असेल तर रशियन मजकुरात ७ अंश. जर्मन अंशात दिलेला आकडा असेल तर त्याला २.८ ने भागायचं. धुलाई यंत्राच्या किंवा बॉयलरच्या पुस्तिकेत शब्द बरोबर आणि आकडा जुन्याच एककात, असं बरेचदा घडतं. ती चूक शब्दाच्या चुकीपेक्षा महागात पडते, कारण वापरणारा त्या आकड्यावरून मीठ किंवा पावडरचं प्रमाण ठरवतो.

संगणकाच्या बाबतीत काय?

हार्ड डिस्क म्हणजे ‘झोस्त्की दीस्क’. बोलीत नुसतं ‘झोस्त्की’ किंवा ‘विन्चेस्तेर’ आणि त्याचा आखूड ‘वीन्त’. गंमत म्हणजे, फिरणारी तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या नव्या साठवणुकीला ‘त्वेर्दोतेल्नी नाकोपीतेल’ म्हणतात. हा शब्द ‘त्व्योर्दोये तेलो’, म्हणजे घन पदार्थ, यावरून आला. सुट्या भागांची यादी भाषांतरित करताना ‘झोस्त्की’ आणि ‘त्वेर्दोतेल्नी’ यांची अदलाबदल झाली की दोन वेगळी उपकरणं एकमेकांच्या किमतीला लागतात.

फाइल प्रणालीतली हार्ड लिंक म्हणजे ‘झोस्त्काया स्सील्का’. (‘स्सील्का’चा जुना अर्थ हद्दपारी. पण संदर्भ संगणकाचा असला की कुणाच्या डोक्यात सैबेरिया येत नाही.) प्रोग्रॅममध्ये एखादी किंमत कायमची लिहून टाकणं याला प्रोग्रॅमर मंडळी सरळ ‘ज़ाखार्द्कोदित’ म्हणतात; औपचारिक दस्तऐवजात ‘झोस्त्को ज़ादात’ बरं. ओळीच्या शेवटी शब्द तुटू न देणारी हार्ड स्पेस ही मात्र ‘नेराज़्रीव्नी प्रोबेल’, न तुटणारी रिकामी जागा. कागदावरची हार्ड कॉपी म्हणजे ‘रास्पेचात्का’ किंवा ‘बुमाझ्नाया कोपिया’.

आणि हार्डवेअर? अधिकृत नाव ‘आप्पारात्नोये ओबेस्पेचेनिये’. तंत्रज्ञ बोलताना ‘झेलेज़ो’ म्हणतात, म्हणजे चक्क लोखंड.

अवघड गोष्टींसाठी तीन शब्द का? ‘त्रूद्नी’, ‘स्लोझ्नी’, ‘त्याझोली’ यांत काय निवडायचं?

विरुद्धार्थी शब्द विचारा. ‘स्लोझ्नी’चा विरुद्धार्थी ‘प्रोस्तोई’, म्हणजे साधा. बाकी दोघांचा ‘ल्योख्की’, म्हणजे सोपा किंवा हलका. वस्तूच गुंतागुंतीची, अनेक भागांची असेल तर ‘स्लोझ्नी’: यंत्र, सूत्र, वाक्यरचना. करणाऱ्याला कष्ट पडतात हे सांगायचं असेल तर ‘त्रूद्नी’. शरीरावर किंवा मनावर ओझं येतं असं असेल तर ‘त्याझोली’.

पोती उचलण्याचं काम ‘त्याझोलाया राबोता’. गणिताचा प्रश्न ‘त्रूद्नाया ज़ादाचा’ किंवा ‘स्लोझ्नाया ज़ादाचा’, दोन्ही चालतात. बारीक फरक असा की पहिलीत तुमचा घाम आहे, दुसरीत प्रश्नाची रचना. आजच्या बोलण्यात ‘स्लोझ्नी’ हा ‘त्रूद्नी’च्या जागेत बराच शिरला आहे, जुन्या वळणाच्या संपादकांना ते खटकतं, पण बोलताना अडून बसू नये.

गंभीर आजार नेहमी ‘त्याझोलाया बोलेज़्न’; ‘त्रूद्नाया’ म्हटलं तर परकेपणा लगेच कळतो. पटवून घ्यायला कठीण अशा स्वभावाला ‘त्याझोली खाराक्तेर’. हट्टी, वळणावर नसलेला किशोर मात्र ‘त्रूद्नी पोद्रोस्तोक’. लहान मुलाला ‘त्याझोली’ म्हणालात तर ऐकणारा बहुधा वजनाबद्दल समजेल. वाईट दिवसांना ‘त्रूद्निये व्रेमेना’ आणि ‘त्याझोलिये व्रेमेना’ दोन्ही. दुसरं जास्त काळोखं. घातक अमली पदार्थ ‘त्याझोलिये नार्कोतिकी’, इथे दुसरा पर्याय नाही.

मराठीची इथे चांगली मदत होते. ‘मला हे जड जातं’ हे जिथे म्हणाल तिथे बहुतेक वेळा ‘त्याझेलो’ बसतं, आणि ‘अवघड जातं’ तिथे ‘त्रूद्नो’.

‘मला बोलणं अवघड जातं’ हे वाक्य कसं बांधायचं?

मराठीसारखंच, आणि हा आपला मोठा फायदा आहे. इंग्रजीत कर्ता शोधावा लागतो, रशियनमध्ये ‘मला’ हीच चतुर्थी येते: ‘म्ने त्रूद्नो गोवोरीत’. ‘म्ने’ म्हणजे मला, ‘त्रूद्नो’ म्हणजे अवघड, ‘गोवोरीत’ म्हणजे बोलणं. वर्तमानात ‘आहे’ लागत नाही. भूतकाळात ‘बीलो’ घालायचं: ‘म्ने बीलो त्रूद्नो’. भविष्यात ‘बूदेत’.

घसरगुंडी आहे ती ‘हे पुस्तक वाचायला कठीण आहे’ या वाक्यात. इंग्रजी साच्यावरून लोक ‘क्नीगा त्रूद्नाया चितात’ असं जुळवतात. ते रशियन नाही. पुस्तकाला कर्म करा: ‘क्नीगू त्रूद्नो चितात’. ‘क्नीगा’चं ‘क्नीगू’ झालं ते द्वितीयेमुळे. पुस्तकालाच कर्ता ठेवायचं असेल तर ‘क्नीगा त्रुद्ना द्ल्या च्तेनिया’, म्हणजे वाचनासाठी कठीण. हे थोडं लेखी वळणाचं आहे.

डॉक्टरांकडे लागणारी एक जोडी लक्षात ठेवा. ‘येमू त्रूद्नो दिशात’: त्याला श्वास घ्यायला त्रास होतो. ‘ओन त्याझेलो दीशित’: तो जोरजोरात, धापा टाकत श्वास घेतोय. पहिल्यात चतुर्थी आणि लक्षण रुग्णाने सांगितलेलं. दुसऱ्यात प्रथमा आणि बाहेरून दिसणारं. जिना चढून आलेल्या धडधाकट माणसाबद्दल दुसरं म्हणता येतं. रुग्णाच्या नोंदीत दोन्हींची सरमिसळ करू नये.

मन लावून काम करणं, जोराचा पाऊस: क्रियाविशेषण म्हणून आलेल्या ‘हार्ड’चं काय?

इथे विशेषणांची यादी बाजूला ठेवा. भरपूर मेहनत करणं म्हणजे ‘म्नोगो राबोतात’, शब्दशः पुष्कळ काम करणं. चिकाटी दाखवायची असेल तर ‘उपोर्नो’, मन लावून असं हवं असेल तर ‘उसेर्द्नो’. ‘त्याझेलो राबोतात’मध्ये कौतुकापेक्षा हलाखी जास्त आहे. परिचयपत्रात स्वतःबद्दल तसं लिहिलं तर मेहनती उमेदवार पिचलेला वाटतो.

‘त्व्योर्दो’ हे क्रियाविशेषण आहे, पण अर्थ ‘ठामपणे’: ‘त्व्योर्दो रेशीत’ म्हणजे ठाम निश्चय करणं, ‘त्व्योर्दो ज़्नात’ म्हणजे पक्कं माहीत असणं. जोराने मारणं ‘सील्नो उदारित’. जोराचा पाऊस ‘सील्नी दोझ्द’. तिथे क्रियाविशेषणाऐवजी पावसालाच विशेषण लागतं.

‘हार्डली’ या शब्दाचा ‘हार्ड’शी अर्थाने काहीएक संबंध नाही. जेमतेम असेल तर ‘येद्वा’, शक्यता कमी असेल तर ‘व्र्याद ली’, जवळजवळ नाही असं असेल तर ‘पोच्ती ने’.

धातू, खडक, लाकूड: तांत्रिक मजकुरात काय सांभाळायचं?

धातूची कठीणता म्हणजे ‘त्व्योर्दोस्त’. ब्रिनेल, रॉकवेल, विकर्स आणि मोस या सगळ्या मापनांना हाच शब्द. ‘झोस्त्कोस्त’ म्हणजे ताठरपणा, जो स्प्रिंगचा किंवा तुळईचा असतो. ‘प्रोच्नोस्त’ म्हणजे ताकद. तिन्ही वेगळ्या राशी आहेत, वेगळ्या एककांत मोजल्या जातात, आणि रेखाचित्राच्या टिपेत एकीच्या जागी दुसरी गेली की कारखान्यात चुकीची चाचणी होते. खाणकामात खडक फोडायला किती अवघड आहे हे सांगताना चौथा शब्द येतो: ‘क्रेपोस्त’. (त्याचाच दुसरा अर्थ किल्ला, आणि तिसरा दारूची तीव्रता.)

लाकडात सापळा आहे. इंग्रजीत रुंद पानांच्या सगळ्या झाडांच्या लाकडाला ‘हार्डवुड’ म्हणतात, मग ते प्रत्यक्षात मऊ का असेना. रशियन वनशास्त्रात रुंद पानांची झाडं ‘लीस्त्वेन्निये पोरोदी’, आणि त्यांचे पुन्हा दोन गट: ओक, अ‍ॅश, बीच हे ‘त्वेर्दोलीस्त्वेन्निये’, बर्च, अ‍ॅस्पेन, लिंडेन हे ‘म्याख्कोलीस्त्वेन्निये’. त्यामुळे वर्गीकरणाच्या अर्थाने आलेल्या ‘हार्डवुड’ला ‘त्व्योर्दिये पोरोदी’ म्हटलं तर बर्च आणि लिंडेन यादीतून आपोआप बाहेर पडतात. जमिनीच्या फळ्यांबद्दल, टिकाऊपणाबद्दल मजकूर असेल तेव्हाच ‘त्व्योर्दिये’ वापरा.

खाणंपिणं आणि हवामान?

झटपट. घट्ट उकडलेलं अंडं ‘यैत्सो व्क्रुतूयू’. आतून पातळ राहिलेलं ‘व्स्म्यात्कू’. दोन्ही क्रियाविशेषणं आहेत, म्हणून बदलत नाहीत. तीव्र दारू ‘क्रेप्की’, आणि कडक चहालाही ‘क्रेप्की चाई’. कडाक्याचा हिवाळा ‘सुरोवाया ज़िमा’. कडाक्याची थंडी ‘सील्नी मोरोज़’ किंवा ‘क्रेप्की मोरोज़’.

बातम्या आणि राजकारण यांत ‘झोस्त्की’ सारखा का दिसतो?

कारण तडजोड नसलेल्या प्रत्येक गोष्टीला तो लागतो: टीका, अटी, वेळापत्रक, भूमिका, उपाययोजना. ताठर धोरणाला ‘झोस्त्काया लीनिया’. विमानाचं आदळून उतरणं ‘झोस्त्काया पोसाद्का’, आणि अर्थव्यवस्थेचं धाडकन मंदावणंही तेच. चलनाला मात्र ‘त्व्योर्दाया वाल्यूता’, कारण तिथे मुद्दा स्थिर राहण्याचा आहे. भक्कम पुराव्यांना ‘नेओप्रोवेर्झीमिये दोकाज़ातेल्स्त्वा’, म्हणजे खोडून न काढता येणारे. शिस्त आणि शिक्षक ‘स्त्रोगी’. शिक्षकाला ‘झोस्त्की’ म्हटलं तर तो धाक घालणारा वाटतो.

‘झोस्त्की’ आणि ‘झेस्तोकी’ एकच का?

नाही, आणि ही गफलत फार महाग आहे. ‘झेस्तोकी’ म्हणजे क्रूर. ताठर अधिकाऱ्याला ‘झेस्तोकी’ लिहिलं तर तो आरोप होतो. अडचण वाढते ती छपाईमुळे. रशियनमध्ये ‘यो’ या अक्षरावरचे दोन ठिपके छापील मजकुरात बहुधा गाळतात, त्यामुळे ते ‘ये’सारखं दिसतं. पूर्ण रूपांत तरीही ‘ओ’ आहे की नाही यावरून ओळख पटते. पण पुल्लिंगी लघुरूपात (‘तो कडक आहे’ अशा वाक्यात येणारं विशेषणाचं आखूड रूप) ती सोयही जाते: ठिपके गाळल्यावर ‘झोस्तोक’ (कडक आहे) आणि ‘झेस्तोक’ (क्रूर आहे) कागदावर हुबेहूब सारखे. स्वतः लिहिताना अशा ठिकाणी ठिपके द्या. वाचताना नामावरून ठरवा: गादी क्रूर नसते.

लिंग आणि प्रत्यय यांत काय चुकतं?

‘झोस्त्की’च्या शेवटी जे अक्षर दिसतं ते ‘सीनी’ (निळा) या मृदू विशेषणासारखं असतं, म्हणून लोक त्याची रूपं ‘सीनी’सारखी चालवतात. ते चूक आहे. ‘क’नंतर रशियनमध्ये ‘इ’चं जाड अक्षर लिहीत नाहीत, इतकंच त्यामागचं कारण. स्त्रीलिंग ‘झोस्त्काया’, नपुंसकलिंग ‘झोस्त्कोये’, षष्ठी ‘झोस्त्कोगो’, आणि शेवटच्या ‘गो’चा उच्चार ‘वो’.

तुलनेची रूपं अनियमित आहेत: ‘त्व्योर्झे’, ‘झोश्चे’ (हे उच्चाराप्रमाणे), ‘क्रेप्चे’, ‘स्त्रोझे’. ‘त्रुद्नेये’ आणि ‘त्याझेलेये’ सरळ नियमाने होतात.

खेळाच्या किंवा अ‍ॅपच्या मेनूत एकटाच ‘हार्ड’ आला तर?

नामाशिवाय विशेषणाला लिंग नाही, म्हणून आधी ते कशाला लागतंय हे विचारा. ‘ऊरोवेन’ (पातळी, पुल्लिंगी) असेल तर ‘स्लोझ्नी’. शीर्षकच ‘स्लोझ्नोस्त’ (काठिण्य, स्त्रीलिंगी) असेल तर उत्तर ‘वीसोकाया’, म्हणजे उच्च. ‘स्लोझ्नाया स्लोझ्नोस्त’ हास्यास्पद होईल. विचारायची सोय नसेल तर ‘स्लोझ्नो’ हे न बदलणारं रूप टाका, ते कुठेही बसतं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असेल तर असे सुटे शब्द हाताने तपासाच. संदर्भ नसल्यामुळे तिथे हमखास ‘त्व्योर्दी’ किंवा ‘झोस्त्की’ येऊन बसतो.

जोडी बरोबर आहे हे तपासायचं कुठे?

रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह, २००४ पासून इंटरनेटवर खुला आहे. विशेषण आणि नाम दोन्ही मूळ रूपात देऊन शेजारी शेजारी शोधा, म्हणजे सगळ्या विभक्ती सापडतात. शोधयंत्रात अवतरणचिन्हांत जोडी टाकणार असाल तर लिंग आणि वचन जुळवूनच टाका. ‘झोस्त्की वोदा’ असं टाकलं तर फक्त परक्यांच्या चुका हाती लागतील. निकालांची संख्या पाहून थांबू नका, पहिली दहा वाक्यं वाचा. ‘त्व्योर्दी स्तूल’ला निकाल भरपूर मिळतात, पण ते कुठल्या विषयाचे आहेत हे वर आलंच आहे.

बोलताना शब्द आठवलाच नाही तर?

अमूर्त गोष्टींसाठी ‘नेप्रोस्तोई’ वापरा, म्हणजे साधा नसलेला. प्रश्न, दिवस, माणूस, परिस्थिती, निर्णय: सगळ्यांना चालतो, रशियन लोक स्वतः सर्रास वापरतात आणि थोडा सभ्यही वाटतो. ‘नेल्योख्की’ही चालेल. वस्तूंच्या बाबतीत अशी पळवाट नाही. तिथे ‘ने म्याख्की’, म्हणजे मऊ नाही, असं सांगून वस्तूला हात लावून दाखवा. समोरचा योग्य शब्द स्वतःच पुरवतो.